खोक्यांनी सांगितलेले वाईट दिवस

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, तेव्हा वाकता येईल तेवढा आज घे आणि उरलेला भेटीत वसूल कर.) तुझा गुडघा कसा आहे? खोकला गेला, की अजून रात्री उठून बसतेस? जिन्यातला दिवा लावून द्या म्हणून घरमालकाला सांगितलंस का? आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. म्हणजे तुझी भाचेसून ठीक आहे आणि मी येरझाऱ्या घालतो आहे. एवढ्या चार ओळी लिहिताना दोनदा उठून खिडकीशी जाऊन आलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघून आलो.

कारण तुझं कार्ड. ते आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. महिनाअखेरीस तू कायमची आमच्याकडे राहायला येणार हे पक्कं ठरलं होतं. त्यासाठी तुला मनवता मनवता आमच्या तोंडाला फेस आला होता. मागची छोटी खोली रिकामी केली, खिडकीला पडदा लावला (तो तुला आवडणार नाही, हे पडदा घेतानाच ठरलं होतं), आणि आता तू लिहितेस, ‘वाईट दिवस येताहेत असं तूच कळवलंस, तेव्हा तुमच्या घरात आणखी एक तोंड वाढवायची ही वेळ नव्हे. मी इथे बरी आहे. हल्ली रात्री चहा-पाव खाते, तेवढा पुरतो.’ आत्या, जन्मभर दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी उभी राहून तू त्यांना ताट संपवायला लावलंस. माझी आई गेल्यावर मलाही तसंच वाढवलंस. आता तू रात्री चहात पाव बुडवून खातेस, आणि तेही माझ्या पत्रामुळे. तेव्हा ते पत्र मी का लिहिलं आणि ते कसं साफ चुकलं, हे मुळापासून सांगणं भाग आहे. लांबण लागेल. चष्मा पुसून घे.

तुला माहीतच आहे की मी खोक्यांच्या कारखान्यात ठसे बसवतो. (पुठ्ठ्याच्या खोक्यावर जे नाव आणि चित्र छापलेलं असतं, त्याचा हा एवढा मोठा रबरी ठसा असतो. तो यंत्रावर चढवायचा, काम झालं की उतरवायचा, धुऊन फळीवर ठेवायचा.) आमच्या खात्यात फार जुनी समजूत आहे, की जगात काय चाललंय ते वर्तमानपत्राच्या आधी आमच्या फळीवर कळतं. केकचा ठसा ओला, म्हणजे नुकताच वापरून धुतलेला असला की लोकांचं बरं चाललंय. केकचा कोरडा आणि साध्या बिस्किटांचा ओला, म्हणजे जरा जपून. आणि नूडल्सचा ठसा फळीवर दिसेनासाच झाला, तिन्ही पाळ्या तो यंत्रावरच फिरतोय, म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा घ्यायला सुरुवात केली. मी कामाला लागलो तेव्हाच्या म्हाताऱ्या छपाईवाल्याने मला हे सांगितलं होतं आणि दोनदा ते खरं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तर गेल्या महिन्यात नूडल्सच्या खोक्यांचं काम एकदम दुप्पट झालं. केकच्या ठशावर धूळ बसली, इतकी की मी त्यावर बोटाने माझं नाव लिहिलं. माझ्या पाचावर धारण बसली. त्याच पाळीत मधल्या सुट्टीत तुला पत्र लिहिलं.

तिथे थांबायला हवं होतं. पण मला एकदा काळजी लागली की पुरावे गोळा केल्याशिवाय चैन पडत नाही. (तू म्हणायचीस, हा फोड आला की खाजवून मोठा करतो.) मी जेवणाच्या सुट्टीत लोकांच्या डब्यांत डोकावायला लागलो. आधी सहज, मग बाकांमधून फेऱ्या मारून. कुणाचा पाव कोरडा, कुणाच्या डब्यात नुसता बटाटा, कुणी एकाच अंड्याचे दोन भाग करून शेजाऱ्याला दिलेला. अशा वेळी जे बघायचं असतं तेच दिसतं. आमच्याकडे गोंदाच्या यंत्रावर एक जण आहे, त्याला सगळे डिंक्या म्हणतात, कारण तो बोलायला लागला की सुटत नाही. हा डिंक्या आठवडाभर मुकाट्याने कुस्करलेलं केळं खात होता. माझं काळीज हललं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, खांद्यावर हात ठेवला, दिवस येतात जातात वगैरे बोललो आणि माझं उकडलेलं अंडं त्याच्या डब्यात ठेवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या डब्यात बेडूक सोडला होता. दुसऱ्या दिवशी सूज उतरल्यावर त्याने अख्ख्या खात्यासमोर सांगितलं, की त्याची दाढ काढली होती, आणि तोंड उघडत नसताना माझं प्रवचन ऐकावं लागल्याचं दुखणं दाढेपेक्षा जास्त होतं. तेव्हापासून मी आलो की लोक डब्यावर झाकण ठेवतात.

घरी वेगळंच. मी तुझ्या भाचेसुनेला सांगितलं, की आजपासून हात आखडता. ती वाद घालणारी नाही हे तुला ठाऊक आहे. ती ऐकते, आणि ते ऐकणंच महागात पडतं. त्या दिवसापासून आमच्याकडे बटाटा सुरू झाला. सकाळी उकडलेला, डब्यात ठेचलेला, रात्री परतलेला. मी चौथ्या दिवशी विचारलं, की दुसरं काही नाही का. ती म्हणाली, “वाईट दिवस आहेत ना?” आणि आणखी एक वाढला. पाचव्या दिवशी मी दही मागितलं, तर तिने खिडकीतून बाहेर आभाळाकडे बघितलं, जणू वाईट दिवस अजून आहेत का ते पाहत होती. माझ्या शर्टालाही बटाट्याचा वास येत होता. पण मी खमका राहिलो. उलट कोपऱ्यावरच्या दुकानातून नूडल्सची पाकिटं थोडी थोडी करून आणायला लागलो. महाग व्हायच्या आत घरात असलेली बरी. ती मागच्या खोलीत, म्हणजे तुझ्या खोलीत, पलंगाखाली सरकवली. पलंगाखालची जागा संपल्यावर पलंगावर ठेवली.

आता शिंप्याचा भाग. आमच्या जिन्याखाली शिंपी बसतो. माझ्या विजारीची कंबर आत घ्यायला मी त्याच्याकडे गेलो (बटाट्याने माणूस फुगतो असं म्हणतात, मी मात्र वाळलो) आणि त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. फक्त त्याला, आणि कुणाला सांगू नको असंही बजावलं. शिंप्याकडे दिवसभर माणसं हात वर करून उभी असतात, त्यांना हलता येत नाही, आणि त्याच्या तोंडात टाचण्या नसतील तर तो बोलतोच. दोन दिवसांत अख्ख्या गल्लीला कळलं, की खोक्यांच्या कारखान्यातल्या एका माहीतगार माणसाने आतली बातमी दिली आहे. बायका पिशव्या घेऊन निघाल्या. मी संध्याकाळी दुकानात गेलो तर नूडल्सचं फडताळ रिकामं. दुकानदार घाम पुसत म्हणाला, की असा खप त्याने आजवर पाहिला नाही, लोक वेड्यासारखे नेताहेत. आत्या, माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी धावत घरी आलो आणि तुझ्या भाचेसुनेला म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना, आता तर गल्लीतसुद्धा सुरू झालं. तिने शांतपणे विचारलं, की गल्लीत हे कुणी सुरू केलं असेल. तो प्रश्न मला त्या क्षणी अगदी गैरलागू वाटला. मी उलट शिंप्याकडे जाऊन त्याला दुकानाचा पुरावा दिला, त्याने तो पुढे पोचवला, आणि दुसऱ्या दिवशी बिस्किटंही संपली. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. उठून पाकिटं जागेवर आहेत का ते बघून यायचो.

मग दुकानात नवा माल आला. मी रांगेत उभा राहून पाकिटं आणली, घामाघूम होऊन टेबलावर ठेवली, आणि तुझी भाचेसून म्हणाली, ही इतकी जाडजूड कशाने? तिने एक उघडलं. आत नूडल्सच्या वडीबरोबर प्लॅस्टिकची वाटी. फुकट. पिवळ्या रंगाची. दुसऱ्यात हिरवी. प्रत्येक पाकिटात एक. आत्या, ह्या वाट्यांमुळे पाकीट फुगलं, म्हणून एका खोक्यात पूर्वीच्या निम्मीच पाकिटं मावायला लागली, म्हणून खोकी दुप्पट लागली. नूडल्स खाणारे तेवढेच. आमच्याकडून खोकी घडी करून चपटी जातात, पुढे त्यात कोण काय भरतं ते आम्ही कधी पाहत नाही. मी जन्मभर खोकी मोजली आणि लोकांची भूक मोजतो आहे असं समजत राहिलो. आणि केकचं म्हणशील, तर केकवाल्यांनी नुसतं चित्र बदललं होतं. नवा ठसा दुसऱ्या फळीवर होता, चांगला ओला. ती फळी माझ्या पाळीत येत नाही.

हे कळल्यावर तुझी भाचेसून हसली नाही. तिने ती पिवळी वाटी धुतली, त्यात दही घातलं आणि माझ्यासमोर ठेवली. मी ते खाल्लं आणि लगेच तुला लिहायला बसलो, तेव्हा तुझं कार्ड दाराखालून आत आलं.

तर सांगायचं हे, की वाईट दिवस वगैरे काही नाहीत. होती ती वाटी. ह्या घरात एका माणसाने काही अडायचं नाही, उलट नूडल्सचा हा डोंगर आम्हा दोघांच्याने संपणार नाही, त्याला तिसरं माणूस हवंच आहे. तू आली नाहीस तर पाकिटं कुजतील आणि ते पाप तुझ्या माथी. चहा-पाव आजच बंद कर. ट्रंकेला कुलूप लाव आणि कधी येतेस ते कळव. खोकला असेल तर काढा घे. मोठ्यांना नमस्कार म्हणायची पद्धत आहे, पण आता तुझ्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, तेव्हा तोही तूच घे.

तुझा,
खाजवून मोठा करणारा भाचा

ता. क. — पत्र कालच टाकणार होतो. खिशात राहिलं ते बरं झालं. आज जेवणाच्या सुट्टीत मालक आमच्यात येऊन बसले. ते कधी येत नाहीत, त्यांचं जेवण बाहेरून येतं, झाकलेल्या ताटात. आज त्यांच्या हातात कागदाची पुडी होती आणि पुडीत उकडलेला बटाटा आणि मीठ. मी डोळे वळवले, कारण डिंक्या माझ्याकडेच बघत होता. बटाटा संपल्यावर मालकांनी तोंड पुसलं आणि सांगितलं, की बिस्किटवाल्यांनी काम काढून घेतलं, पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी बंद. माझी नोकरी राहिली आहे, दिवसपाळीत. डिंक्याचं अजून कळलं नाही. तेव्हा वर जे वाईट दिवस नाहीत असं लिहिलं आहे ते खोडून वाच.

ता. क. दुसरा — हे न कळवता पत्र तसंच टाकावं असं मनात आलं होतं. तू आली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी माझं तोंड बघून ओळखलं असतंस. म्हणून आता वळसे न घेता लिहितो. वाईट दिवस येताहेत, आणि तू त्यासाठीच ये. तू तिकडे एकटी चहा-पाव खातेस हे माहीत असताना माझ्या घशाखाली काही उतरत नाही, बटाटा नाही की दही नाही. मला भीती वाटते आहे आत्या, आणि लहानपणी भीती वाटली की तू पलीकडच्या खोलीत आहेस एवढं पुरायचं. एवढं लिहायला मला इतकी पानं लागली.

ता. क. तिसरा — आत्याबाई, नमस्कार. हे पत्र ह्यांनी पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली जागा होती तिथे लिहिते. नूडल्सचा डोंगर वगैरे खरं धरू नका. रात्रपाळी बंद होणाऱ्यांच्या घरी मी आज सगळ्या वाटून आले, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुमची खोली रिकामी आहे, झाडून ठेवली आहे. तुम्हाला आणायला मी स्वतः रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. नाही म्हणायचंच असेल तर ते पत्राने न कळवता माझ्या तोंडावर म्हणा, आणि मग ट्रंक कुठल्या बाजूने धरायची तेही सांगा.