मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

श्रीगोंदा

चि. अपूर्वा हिस नृसिंहमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत उत्तम असेलच. (डॉक्टरांना आजारी पडायला वेळ कुठला?) माझी कंबर आता बरी आहे. तुझ्या लग्नात मंगलाष्टकं मी म्हणायची नाहीत, असा ठराव तुझ्या मामीने परस्पर केलाय. तिच्याकडून कळण्याआधी खरी हकीकत माझ्याकडून ऐक. (मोबाईल तिच्या ताब्यात आहे, म्हणून पत्र.)

झालं असं, तुझ्या रुखवतासाठी माळ्यावरची पितळी घागर काढताना उसण भरली. इथल्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. पांढरी सुजेवरची, जेवणानंतर. पिवळी जबर दुखण्याची, गुंगीची, फक्त झोपताना. दोघींची कामं वेगळी, त्यामुळे सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर बरोबर चालतात, म्हणाले. पण आपल्याकडे आजाऱ्याला बघायला येणारा माणूस बिस्किटांबरोबर आपल्या उरलेल्या गोळ्याही आणतो. आबासाहेबांनी गुडघ्याच्या आणल्या, शेजारच्या सत्यशीलाबाईंनी पित्ताच्या. मन कुणाचं मोडायचं? पाकिटं लोळतात म्हणून मी (पस्तीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस!) सगळ्या गोळ्या सोलून जुन्या मिसळणाच्या डब्यात वाटीवाटीने लावल्या. मामीने डबा घासला आणि आपल्या अंदाजाने पुन्हा भरला. पित्ताच्याही पिवळ्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या माजी अध्यक्षांची शोकसभा, अध्यक्षस्थानी मी. कंबरेने दगा देऊ नये म्हणून सकाळी पांढरीबरोबर आबासाहेबांचीही एक घेतली. पोटात आग पडली, म्हणून पित्ताची घेतली. ती पित्ताची नव्हती. सभेत म्हणालो, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. हात टेबलावर टेकले, मान खाली घातली आणि तिथेच डोळा लागला. समोर बहुतेक माझेच विद्यार्थी, हलायची एकाची छाती होईना. अकरा मिनिटं! माजी अध्यक्षांच्या चिरंजीवांना तर हुंदका आवरेना. वडिलांना एवढा मान हयातीत मिळाला नव्हता. मग मी घोरलो.

डॉक्टरांनी चांगलंच झाडलं. आबासाहेबांची आणि माझी पांढरी एकाच जातीची, नुसती नावं वेगळी. दोन्ही एकदम घेतल्या तर जठरावर नि किडनीवर येतं, त्यात माझं ब्लडप्रेशर. आणि पिवळी जास्त झाली तर श्वासच मंदावतो. हे ऐकून तुझी मामी रडायलाच लागली गं. मला फार लाज वाटली. आता डबा रिकामा आहे, गोळ्या फक्त माझ्या आणि पाकिटातच. पिवळी तर परवाच बंद झाली. तरी ही म्हणते, अंतरपाट धरलेला असताना हे झोपले तर मुहूर्त टळेल!

तुझा
नृसिंहमामा

ता. क. तेव्हा मामीला फोन करून सांग. तेवीस कडवी रचून तयार आहेत; तुझ्या धवलरावांच्या घराण्याचा सात पिढ्यांचा इतिहास घेतलाय.

ता. क. (मामीकडून) पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय. अपू, ते झोपतील ही भीती नाही गं, झोपणार नाहीत ही आहे. पण फार तोंड पाडून बसलेत, म्हणू देत. पिवळी गोळी पुन्हा द्यायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. तू माईकवाल्याशी बोलून ठेव.