हात माझे, नाव तुझे

कर्जत,
दि. ८ जानेवारी २०२५

ती. कपिलदादास,
दर्शनाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आईचा गुडघा थंडीने कुरकुरतो, बाकी ती ठीक. सोमामामांच्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली. आता खालापूरच्या घरात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला नुसत्या पावलांवरून ओळखतात आणि चुकीचे ओळखले तरी मान्य करत नाहीत.

तू रोज फोन करतोस, तरी हे पत्र का, असे विचारशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हं हं म्हणते. राग आला की फोनवर मला रडू फुटते. कागदावर फुटत नाही. मनोज भाजीची गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत नेतो. तुझ्या हॉटेलच्या कोबी-फ्लॉवरबरोबर हा रागही माथेरानला वर चढेल.

काल मनोजच्या गाडीत स्टिकरांचा गठ्ठा पाहिला. 'कपिल चावीवाला, कर्जत-नेरळ-शेलू, कधीही बोलवा.' खाली तुझा नंबर. निम्मे त्याने शेलूच्या नव्या इमारतींत दारोदार चिकटवूनही टाकले होते. दादा, तुला साधी कोरी चावी यंत्रात कोणत्या बाजूने धरतात हे माहीत नाही. मामांजवळ तीन वर्षे बसून बोटे कापून घेतली ती मी. त्यांनी यंत्र आणि कानशी दिल्या त्या मला. मग त्या कागदावर तुझे नाव कोणत्या हक्काने आले?

परवा तू मला ज्यांच्याकडे पाठवलेस त्या नेरळच्या गृहस्थांनी दार उघडले आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारले, की कारागीर खाली गाडी लावतोय का. मी हो म्हणाले. कुलूप दुरुस्त झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, की तो अजून वर कसा आला नाही. तेव्हा मी चक्क जिना उतरून पळाले. हसू नकोस.

ते स्टिकर काढून घे. गिऱ्हाईक कमी आले तरी चालेल.

तुझ्या लोभात वाढलेली,
दर्शना

---

माथेरान,
ता. १३ जानेवारी

चि. दर्शनास, अ. आ. व जय भीम.

पत्र पोचलं. स्वयंपाकघरात वाचलं, आचारी विचारत होता लग्नाची पत्रिका हाय का. मी बोललो, 'नाय, वॉरंट हाय.'

आता माझंबी ऐक गं. बाजारपेठेच्या तोंडाशी तू टपरी मांडून दीड महिना बसलीस. गिऱ्हाईकं किती? एकाचं सायकलचं कुलूप आणि एकजण पत्ता विचारायला. समोर माणूस थांबला की तू पुस्तकात डोकं घालतेस, आई सांगत होती. असं वाचत बसलेल्या माणसाला चावी कोण सांगंल? लोकांना वाटतं वाचनालय हाय. तुझ्या नावाचा स्टिकर लावला असता तर मेंदीच्या क्लासचे फोन आले असते. बायमाणसाला कुलूप तोडायला कुणी बोलवत नाय, हे मी नाय केलं, जग तसं हाय. मी फोन घेतो, तू काम कर. नावात काय अडलंय?

बरं, कामाचं. येत्या रविवारी, एकोणीसला, दुपारी दोनला शेलूला जायचं. हरेशसाहेब म्हणून आमच्या हॉटेलात दर महिन्याला येतात, ऑफिसची माणसं घेऊन. फ्लॅटची चावी हरवलीय. खात्रीचा माणूस, माझी जबाबदारी. मामांसारखं शेजारची दोन माणसं गोळा करून घर कुणाचं, घर कुणाचं करत बसू नको, असली गिऱ्हाईकं चिडतात. ते खूश झाले तर त्यांच्या संकुलातल्या सातही इमारती आपल्या.

आईला गुडघ्याला शेक द्यायला सांग. रागाव, पण जेव.

तुझा,
कपिलदादा

---

कर्जत,
दि. २१ जानेवारी २०२५

कपिलदादास,
जय भीम. आज क्षेमकुशल लिहायला मन धजत नाही.

रविवारी तुझ्या खात्रीच्या माणसाचे दार मी उघडले. चार मिनिटे लागली. लॅच नवे होते, आणि हरवलेल्या चावीचे कुलूप इतके नवे कसे, हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला नाही. समोरचे दार उघडे होते. ठकूबाई नावाच्या आजी उंबऱ्यात बसून मटार सोलत माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. हे घर यांचेच ना, एवढे चार शब्द त्यांना विचारायचे होते. मामांनी सत्तावीस वर्षांत शेजारच्या दोन माणसांना उभे केल्याशिवाय एकही घर उघडले नाही. पण अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायचे म्हटले की मी पिशवीत डोके घालते, हे तुला माहीत आहे. तू जबाबदारी घेतली होतीस. मी तुझ्या शब्दाच्या आडोशाला लपले.

दार उघडताच तो गृहस्थ थेट आतल्या कपाटाकडे गेला, एक निळी फाइल घेऊन बाहेर आला आणि मला शाबास म्हणाला. मला बरे वाटले, दादा. त्या बरे वाटण्याचीच मला सर्वांत जास्त चीड येते.

काल टपरीवर एक बाई आल्या. विनिता त्यांचे नाव. ते घर त्यांचे, त्यांच्या एकटीच्या नावावर. हरेश त्यांचा नवरा; वर्षभर दोघे वेगळे राहतात, आणि तो पुन्हा आत शिरू नये म्हणून दिवाळीत त्यांनी स्वतः कुलूप बदलून घेतले होते. त्या नेरळच्या एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहेत. आता सरकारी जागेवर निवड झाली आहे. दहा फेब्रुवारीला मूळ प्रमाणपत्रे दाखवून रुजू व्हायचे आहे. ती सगळी प्रमाणपत्रे त्या निळ्या फाइलमध्ये होती. नोकरी सोडून परत नांदायला ये, मग फाइल देतो, असा निरोप त्याने पाठवला आहे.

दाराच्या चौकटीवर तुझा स्टिकर होता. त्यांनी तुला फोन केला. तू राँग नंबर म्हणून कापलास. मग ठकूबाईंनी पिशवीवाल्या मुलीचे वर्णन सांगितले, आणि त्या विचारत विचारत माझ्यापर्यंत पोचल्या.

त्या ओरडल्या नाहीत. कुणाला विचारले होते का, एवढेच त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. दहावीपासूनची माझी प्रमाणपत्रे आईच्या पेटीत तळाशी आहेत. काल रात्री उठून मी ती काढून एकेक मोजली.

तू फोन का कापलास?

दर्शना

---

माथेरान,
ता. २५ जानेवारी

दर्शना,
जय भीम.

फोन कापला कारण घाबरलो. लिहून दिलं, झालं समाधान?

पण सगळं माझ्याच माथी मारू नको. कुलूप मी उघडलं का तू? डोळे तुला हायत, समोर म्हातारी बसली होती, तोंड तुला हाय. वर्गात पहिली येणारी तू. मी इथं चाळीस माणसांचं जेवण काढत होतो. साहेबांनी सांगितलं बायको चार वाजता ड्यूटीवरून येते, त्याच्या आत काम व्हायला पायजे, म्हणून तुला दोनला पाठवली. यापलीकडं मला काय माहीत?

आता एक अडचण झालीय. बाईंनी परत कुलूप बदललंय, आणि साहेबांचं अजून काय सामान आत राहिलंय म्हणं. परत उघडून पायजे. मी बोललो बहिणीला विचारतो. तर ते बोलले की नाय जमलं तर मालकांना भेटतो, तुमचा वेटर जोडधंदा म्हणून कसले उद्योग करतो ते सांगतो. मालक त्यांना मानतात गं. सीझन संपत आलाय, आम्हा वेटरांतल्या दोघांना तसंबी काढणारच हायत. एकदाच उघड, परत त्यांचं नाव काढणार नाय. नायतर तूच सांग मी काय करू.

स्टिकर मनोजला काढायला सांगितलेत.

तुझा दादा

---

कर्जत,
दि. ३१ जानेवारी २०२५

कपिलदादास,
जय भीम.

तुझ्या पत्रातले एक वाक्य मी इतक्यांदा वाचले की आता पाठ झाले आहे. बायको चार वाजता येते, त्याच्या आत काम व्हायला पाहिजे. दादा, चार वाजता घरी येणाऱ्या बायकोच्या पर्समध्ये चावी असते. ज्याला आपल्याच घरात जायचे आहे तो दोन तास कुठेतरी चहा पीत थांबतो. कुलूपवाला बोलावत नाही. हे समजायला वर्गात पहिले यावे लागत नाही. तुला समजले होते. म्हणूनच शेजाऱ्यांना विचारू नकोस असे तू मला बजावलेस, आणि म्हणूनच त्या बाईंचा आवाज ऐकताच फोन कापलास. तुला सात इमारती दिसत होत्या.

मला लाज वाटते ती माझ्या गप्प बसण्याची. तुझ्या बोलण्याची लाज तुला वाटली पाहिजे. ती मी तुझ्या वतीने वाटून घेणार नाही.

ते दार मी पुन्हा उघडणार नाही. उलट, आता त्यावर जे कुलूप आहे ते मीच बसवून दिले आहे. हरेशने परवा कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोन केला. मी त्याला सांगितले, की घरमालकीण शेजारी उभी राहून सांगेल तरच उघडीन. तो म्हणाला, तुझ्या भावाची नोकरी जाईल. मी म्हणाले, की तो मोठा आहे, त्याचे तो पाहील. फोनवर मी इतकी वाक्ये सलग बोलल्याचे मला आठवत नाही. रडू आले, पण फोन ठेवल्यानंतर.

विनिताताईंनी पोलिसांत तक्रार दिली आहे. मी लेखी जबाब दिला. त्याआधी त्यांच्यासोबत त्या इमारतीची बाकीची पंधराही दारे वाजवली आणि प्रत्येक ठिकाणी सांगितले, की एकोणीस तारखेला हे घर मी उघडले, न विचारता उघडले, माझे नाव दर्शना. तीन जणांनी तोंडावर दार लावले. एका गृहस्थांनी चोरांची टोळी म्हटले आणि वॉचमनला मला आत न सोडण्याची ताकीद दिली. ठकूबाईंनी तर मला उभी आडवी झाडली. म्हणाल्या, की तोंडात काय मटार धरलेवते का गं, मी हितंच बसलेले, इचारलं असतं तर काय मी तुला खाल्ली असती? मग म्हणाल्या, की बस, पाणी पी.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मात्र माझा नंबर लिहून घेतला. त्यांना खिडकीला कडी बसवायची आहे आणि घरात पुरुष नसताना पुरुष कारागीर नको आहे. जग कसे आहे हे तू मला लिहिले होतेस. जगाला विचारले होतेस का?

जबाबात तुझेही नाव आहे. लपवले नाही आणि वाढवूनही लिहिले नाही. हरेशने तुला बायको चारला येते हे मोबाइलवर लिहून पाठवले होते की तोंडी सांगितले, हे तुलाच माहीत. लिहिलेले असेल तर खाली येऊन दाखव. दहा तारखेला दहा दिवस उरले आहेत.

आईला मी सर्व सांगितले आहे. ती तुझ्याशी बोलणार आहे, तयारीत राहा.

दर्शना

---

दस्तुरी नाका,
ता. ८ फेब्रुवारी

दर्शना,
जय भीम.

मनोजच्या गाडीत बसून लिहितोय, अक्षर समजून घे.

मेसेज होता. पुसला नव्हता. का नाय पुसला ते मलाबी माहीत नाय. मंगळवारी खाली आलो होतो, चौकीत मोबाइल दाखवला, सही केली. घराकडं वळलो पण टपरीवर तुझ्यासमोर दोन बायका उभ्या होत्या आणि तू त्यांच्याशी बोलत होतीस, मान वर करून. मी तसाच मागं फिरलो. आईला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, तुला तर त्याहून नाय.

चौकीतून बोलावणं गेल्यावर हरेशनं मालकांना फोन केला. मालकांनी मला काल संध्याकाळी हिशेब करून मोकळं केलं. तू बोलली होतीस, मोठा हाय, त्याचं तो पाहील. बघतोय.

चिडलोय अजून. तुझ्यावर का माझ्यावर ते ठरत नाय. तोवर एक विचारतो. तुला कुणी गाडी चालवणारा, फोन घेणारा पायजे का? नको असंल तर तसं लिही. मी मनोजकडं भाजी उतरवीन.

दादा

---

कर्जत,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. कपिलदादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फाइल रविवारी संध्याकाळी आली. हरेशच्या बहिणीचा नवरा ती ठकूबाईंच्या हाती देऊन, मान खाली घालून गेला. नर्सिंगचे मूळ प्रमाणपत्र मधोमध फाडलेले होते. विनिताताईंनी ते चिकटपट्टीने जोडले, सोबत तक्रारीची प्रत जोडली, आणि सोमवारी त्या रुजू झाल्या. तिथल्या कारकुनाने फाटलेला कागद तीनदा उलटसुलट केला असे त्या सांगत होत्या. हे सांगताना त्या हसल्या. मला हसता आले नाही. ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर तसेच राहील, आणि ते कपाट ज्या दाराआड होते ते दार मी उघडले होते.

त्यामुळे तुला माफ केले का, हे कृपा करून विचारू नकोस. मला स्वतःलाच अजून केलेले नाही. तू सही केलीस हे मी पाहिले आहे, आणि आईने ते शेजारी चौघींना सांगितलेही आहे.

फोन घेणारा मला नको. फोन मीच घेते. आवाज कापतो, पण घेते. गाडी चालवणाराही नको, कारण गाडी नाही. मात्र विनिताताईंच्या संकुलातल्या उरलेल्या सहा इमारतींत तुझे स्टिकर होते. मनोजने ते काढले, पण लोकांनी नंबर उतरवून घेतलेला असणार. त्या प्रत्येक दारावर जाऊन कुणीतरी सांगायला हवे, की कपिल चावीवाला कुणी नाही, काम दर्शना करते, आणि ती आधी शेजाऱ्यांना विचारते.

शनिवारी सकाळी साडेआठला शेलू स्टेशनबाहेर उभा राहा. शहाण्णव दारे आहेत. अठ्ठेचाळीस तुझी, अठ्ठेचाळीस माझी. पहिल्या दारावर तूच बोल. मी ऐकत उभी राहीन.

डबा दोघांचा आणते. रागाबरोबर लोभही आहे, एवढे समजून घे.

तुझी बहीण,
दर्शना