लंगडा ठोका

चिंचवड, बुधवार, १८ ऑक्टोबर १९७८

आज आमच्या फिटर नामदेवानं वर्कशॉपातली पत्रे ठोकायची प्रेस दुरुस्त केली आणि माझं गाणं मोडलं. कुणाला सांगू?

आठ महिने त्या प्रेसचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं धातूचं कडं, झिजलेला होता. दोन ठोके सरळ, तिसरा लंगडत. त्या लंगड्या ठोक्यावर मी अख्खं रॉक गाणं बांधलं. गिटार मी, बेस मी, हार्मोनियम मी, गाणाराही मीच. ड्रम तेवढी प्रेस. आज शिफ्ट सुटल्यावर टेप करायचं होतं. म्हणून तर इतके दिवस "बुश मिळत नाही" म्हणून थापा मारल्या!

तर या पठ्ठ्यानं दुपारी स्वतःच लेथवर बुश घडवला. "बघा भाऊ, कशी लोण्यासारखी चालतीय!" शाबासकी दिली. जुना बुश मागितला, तर तो भंगारवाल्याकडे गेलेला.

संध्याकाळी डब्यावर काठीनं तो ठोका धरून पाहिला. तीन वाद्यं वाजवणारा मी, पण तिसरा ठोका काही लंगडेना. तेवढ्यात शेजारी नामदेव खोक्याला खिळे मारू लागला. ठक, ठक... ठक. हुबेहूब!

शेवटी सगळं कबूल केलं. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"म्हणजे आठ महिने मी त्या प्रेसला उगाच शिव्या घातल्या, व्हय?"

मग हसला आणि खोकं ओढून टेपजवळ बसला.

माझ्या गाण्यात आजवर दुसऱ्या माणसाला घेतलं नव्हतं. आज घेतलं. तर पहिल्या कडव्यातच म्हणतो कसा, "भाऊ, गिटार जरा दमानं. ठोका चुकतोय तुमचा."

आणि खरंच चुकत होता.