कोणाला इम्पॉर्टंट?

माझा मुलगा, मुलगी, सूनबाई आणि माझे दीर, तुम्हा चौघांचे एरवी कशावरही एकमत होत नाही. पण माझ्याविरुद्धची तक्रार एकच आहे: ही बाई इम्पॉर्टंट काय ते कधी आधी सांगत नाही. माझ्या शिकवणीच्या मुलांचीही हीच रड. "बाई, आयएमपी प्रश्न तेवढे सांगा ना." मी कधी सांगितले नाहीत. जे शिकवले ते शिकण्यासारखे होते म्हणूनच शिकवले. पण मृत्युपत्रात झाकून ठेवून चालत नाही. म्हणून आज सांगते.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा इंग्रजीची शिकवणी, हे लिखाण पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने न बधता करते आहे. डॉक्टरांनी तपासून "बुद्धी शाबुत आहे" असा दाखला दिला. त्यातला उकार मी त्यांच्याकडून दीर्घ करून घेतला, तेव्हा त्यांचीही खात्री पटली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. हे घर माझ्या कमाईचे आहे. वडिलांकडून मला फक्त आवाज मिळाला, आणि तो मी भरपूर वापरला. घराच्या मागच्या दोन खोल्या व वरचा सगळा मजला मी मुलास देते. पाच वर्षांचा असताना त्याने फळ्यावरचा इम्पॉर्टंट हाच शब्द फोडून वाचला, "आय ॲम पोर्टंट", आणि पोर्टंट म्हणजे काय हे न विचारता दिवसभर घरभर तेच सांगत फिरला. तेव्हापासून तो आमचा पोर्टंट. मनाने निर्मळ आहे. पुढची जागा मिळाली की खूश.

दोन. पुढची जागा मात्र मिळणार नाही. रस्त्याकडची पुढची खोली, तिचे वेगळे दार, फळा आणि बाके मी मुलीस पूर्ण मालकी हक्काने देते. माझा घसा बसल्यापासून तिथला वर्ग तीच घेते आणि माझ्यापेक्षा बरा घेते. हे कलम का लिहावे लागले तेही नोंदवते. गेल्या महिन्यात पोर्टंट मोजपट्टी घेऊन आला आणि वर्ग चालू असतानाच भिंती मोजू लागला.

"दादा, मुलं बसली आहेत," मुलगी म्हणाली.

"बसू देत की. आई, रस्त्याला लागून खोली म्हणजे सोनं आहे. शटर बसवलं की झालं दुकान."

"आणि वर्ग?"

"तुझं मागच्या खोलीतही भागेल. दुकान इम्पॉर्टंट आहे."

"कोणाला?" मी विचारले.

पट्टी सर्रकन डबीत गेली. "कोणाला म्हणजे? तसं सगळ्यांनाच."

"अहो, सगळ्यांत मला धरू नका," सूनबाई दारातून म्हणाली. "मला कुठं दुकानात बसायचंय?"

बाकांवर खसखस पिकली. पोर्टंटही हसला, पण भिंतीवर पेन्सिलीची खूण करूनच गेला.

जन्मभर शिकवलेला शब्द आहे, म्हणून शेवटचा धडा इथेच घेते. इंग्रजीत इम्पॉर्टंट हा शब्द माणसाच्या आधी बसला की अर्थ होतो बडी असामी. तोच शब्द वाक्यात मागे सरकून "टु" चा हात धरून बसला की अर्थ होतो, याच्यावाचून माझे अडते. पहिल्या जागेवर तो मान मागतो. दुसऱ्या जागेवर त्याला कोणाचे तरी नाव घ्यावे लागते. "कोणाला" हे ज्याला सांगता येत नाही, तो बहुधा स्वतःबद्दलच बोलत असतो. आणखी एक. मराठीत मुलगा महत्त्वाचा, मुलगी महत्त्वाची. समोर कोण आहे ते पाहून शब्द कपडे बदलतो. इंग्रजीत तो मुलापुढे आणि मुलीपुढे एकाच वेशात उभा राहतो. मी माझी वाटणी इंग्रजी व्याकरणाने केली आहे. कोणाला ती टोचत असेल तर त्याने व्याकरण पुन्हा शिकावे. वर्ग पुढच्या खोलीतच भरतो.

तीन. हे घर घ्यायची बोलणी चालली होती तेव्हा माझे दीर म्हणाले होते, "वहिनी, इम्पॉर्टंट बोलणं चाललंय, तुम्ही जरा आत बसा." पैसे माझे होते. मी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "भावजी, मग तर मला ऐकलंच पाहिजे." व्यवहार संपेपर्यंत उठले नाही, आणि गप्पही बसले नाही. किल्ली माझ्याच हातात पडली. राग आता उरलेला नाही; आठवण मात्र ताजी आहे, आणि गोड आहे. भावजींना मी माझा मोठा मराठी शब्दकोश देते. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर "महत्वाचे" असे ठळक अक्षरात असते, एक त गिळून. महत् चा एक आणि त्व चा एक, असे दोन लागतात, भावजी. महत्त्व एवढे आवडते तर निदान पूर्ण तरी घ्या.

चार. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. माझी कानातली आणि खिडकीजवळची वेताची खुर्ची सूनबाईला. या घरात पोर्टंटला "कोणाला" असे विचारणारे माझ्यामागे कोणीतरी लागेल, आणि ते काम ती आत्ताच छान करते.

पाच. माझ्यामागे कोणी भाषण करू नये. माझी भाषणे करून झाली आहेत, काही तर दोनदा. पोटभर बोलले, पोटभर वाचले, भांडले तेही मनापासून. कसलीही इच्छा बाकी ठेवून जात नाही. शेजारच्या वकीलबाईंनी हे मृत्युपत्र अमलात आणावे.

सहा. मृत्युपत्र खोटे पाडायला माणसे मिळतात, सल्ला देणारेही फुकट मिळतात. माझ्या पाठीमागे बहीण-भावाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या तर खोलीही बंद पडेल आणि बोलणेही. म्हणून पोर्टंटा, हे वाचून होताच तू कोणाकडे सल्ल्याला जाऊ नकोस. पुढचा कामाचा दिवस उजाडला की बहिणीला बरोबर घे, नोंदणी कचेरीत जा, आणि पुढच्या खोलीला तिचे नाव लावून ये.

लिहून देणार: सही

साक्षीदार:
१. घरचे डॉक्टर. सही
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते, बाईंचे जुने विद्यार्थी. सही

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ७ मार्च २०२५