मुद्देमालातील एकतीस जिवंत गांडुळांबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
तलाव व मासेमारी परवाना कार्यालय,
दुसरा मजला (पहिल्या मजल्यापासूनच वास येतो ते).

दिनांक : २४ फेब्रुवारी

विषय : सासऱ्यांची गळाची काठी परत मिळण्याबाबत व तिच्या आड आलेल्या गांडुळांची सोय लावण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या निरीक्षकांचा दि. ११ डिसेंबरचा पंचनामा. २) आपलाच दि. ६ जानेवारीचा आदेश. ३) माझ्या सहा खेपा, ज्यांना जावक क्रमांक नाही.

महोदय,

१. मी ग्रंथपाल आहे. मला मासे धरता येत नाहीत, आणि खायला बसलो तर काटा हमखास माझ्याच घशात अडकतो. मासे धरतात ते माझे सासरे, वय वर्षे एक्क्याऐंशी. अर्ज माझ्या हातचा असला तरी गाऱ्हाणे त्यांचे आहे, कारण त्यांनी स्वतः लिहिला असता तर आपल्याला तो फायलीला लावता आला नसता.

२. तलावाच्या काठी आपल्या कार्यालयाने 'ऋतुनिहाय मासेमारीच्या पद्धती' असा पत्र्याचा फलक उभारला आहे. त्यानुसार थंडीत पिठाचा गोळा लावावा आणि गांडूळ १ मार्चनंतर. हा सल्ला असावा अशी आमची भाबडी समजूत होती. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'उल्लंघन केल्यास साहित्य जप्त' असे आहे, ते नंतर कळले.

३. दि. ११ डिसेंबरला भर दुपारी सासरे गांडूळ लावून बसले होते. निरीक्षकांनी विचारले, "आजोबा, फलकावर काय लिहिलंय?" सासरे म्हणाले, "फलकाचं तोंड माशांकडे आहे का? थंड पाण्यात पिठाचा वास पसरत नाही. मासा तळाशी आळसावून पडलेला असतो. त्याच्या नाकासमोर काहीतरी वळवळलं तरच तो तोंड उघडतो. तुमच्या हापिसासारखंच आहे ते." शेवटचे वाक्य अनावश्यक होते, हे मी सासऱ्यांच्या वतीने मान्य करतो. जप्ती त्या वाक्यानंतर झाली, हे आपण मान्य करावे.

४. पंचनाम्यात काठी एक, गळ चार आणि 'गांडुळे, जिवंत, नग ३१' अशी नोंद आहे. निरीक्षकांनी ती फलकाखालच्या ओट्यावर मांडून मोजली. मोजताना एक निसटले, त्याचा पाठलाग करून ते परत आणण्यात आले. मग सगळी एका पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाला लाख लावून डबा मोहोरबंद केला. हवा आत जाण्याची तरतूद पंचनाम्यात नव्हती.

५. दि. ६ जानेवारीला आपण ताकीद देऊन प्रकरण मिटवले आणि 'सर्व साहित्य पंचनाम्यातील स्थितीत, एकत्रितपणे परत करावे' असा आदेश दिला. तो घेऊन मी मुद्देमाल खोलीत गेलो. भांडारपालांनी माझ्यासमोर मोहोर फोडली. महोदय, मी सुशिक्षित माणूस आहे, तरीही डब्यात जे होते त्याला मला नाव सापडले नाही. ते काळे होते, पातळ होते आणि झाकणाला चिकटून तारेसारखे वर आले. मी खिडकी गाठली. भांडारपालांनी सुगंधी फवारा मारला, त्यामुळे वास दोन झाले. त्यांचा जेवणाचा डबा त्याच कपाटात, त्याच फळीवर होता. "सवय होते हो," असे म्हणून ते पोळीचा घास मोडू लागले. या कार्यालयाविषयी मला जे काही म्हणायचे आहे, ते सगळे त्या घासात आले.

६. मी म्हणालो, डबा ठेवून घ्या, काठी द्या. उत्तर मिळाले, 'एकत्रितपणे' आहे, सुटी काठी देता येत नाही. मी म्हणालो, एकतीस जिवंत मिळाली म्हणून सही करतो. किळस गिळून मी खोटे लिहून द्यायलाही तयार होतो. तर पशुवैद्यांचा दाखला आणा म्हणाले. पशुवैद्यांनी मुद्देमाल खोलीच्या दारातून डबा लांबूनच पाहिला, मग मला पाहिले, आणि "तुमच्या घरचं कोणी सोबत आलंय का?" असे विचारले.

७. आता मूळ मुद्दा. सासऱ्यांची नजर जात चालली आहे. पाण्यावर तरंगणारे बूच त्यांना दोन वर्षांपासून दिसत नाही. ते दोरीवर बोट ठेवून बसतात आणि मासा लागला की काठी त्यांच्या बोटाला सांगते. मी नवी काठी आणून दिली, तर म्हणाले, "जावईबापू, ही मुकी आहे." पाणी कोमट होऊ लागले की मरळ काठच्या गवतात येते, आणि ते गवत त्यांना अजून अंधुक दिसते. डॉक्टरांच्या मते पावसाळ्यापर्यंत तेही दिसणार नाही. म्हणजे त्यांच्या हातात हे काही आठवडे आहेत आणि काठी आपल्या कपाटात आहे. थंडीचा हंगाम आपण नासवलाच आहे.

८. सबब, आपल्या कार्यालयाला आपलाच आदेश पाळता यावा म्हणून आज सकाळी मी, पत्नी आणि सासरे यांनी परसात खणून एकतीस गांडुळे काढली. पत्नीने ती दोनदा मोजली. ही गांडुळे आपण दाखल करून घ्यावीत, जिवंत असल्याची खात्री करावी आणि काठीसह, एकत्रितपणे, मला परत करावीत. जुना डबा आपल्यालाच लखलाभ असो. एक बत्तिसावेही निघाले होते. ते कुणाला लावून पाहावे याविषयी सासऱ्यांनी केलेली सूचना मी या अर्जातून वगळली आहे.

९. सासरे आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहेत. काठी हातात आल्याशिवाय ते उठणार नाहीत. घाई करावी असा माझा आग्रह नाही. समोर काही हालचाल नसताना बसून राहण्याचा त्यांना छप्पन्न वर्षांचा अनुभव आहे.

आपला, अद्याप तरी नम्र,
(सही)
बाकावरच्या गृहस्थांचा जावई

सोबत :
१) आदेशाची छायाप्रत.
२) पशुवैद्यांची चिठ्ठी (मला विश्रांतीचा सल्ला).
३) गांडुळे, जिवंत, नग ३१, ओल्या मातीत. झाकणाला भोके पाडली आहेत. कृपया पोळीशेजारी ठेवू नये.