पाठमोरा वाघ

प्रिय बुधरी,

हे पत्र करिश्मा तुला वाचून दाखवेल. करिश्मा, पोरी, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नको. आईला ऐकायला जड जाईल तिथेही थांबू नको. पत्रूभाऊ तुमच्या गावात डिंक घ्यायला येतो, त्याच्याच हाती देते आहे. फोन लावून पाहिला. तुमच्याकडे रेंज लागत नाही, आणि लागली तरी तू बोलणार नाहीस हे मला माहीत आहे.

पोंभुर्ण्यात ऊन फार आहे. बचत गटाच्या खोलीतला पंखा बंद केला की घाम कार्डावर पडतो, सुरू केला की पाकळ्या उडतात. तू पाकळ्यांवर हातातल्या बांगड्या काढून ठेवायचीस. आता आम्ही खडे ठेवतो. तुझ्या जागी कोणी बसत नाही. कोणी ठरवलं नाही, पण बसत नाही. तू असताना खोलीत हसणं असायचं. बायको नवऱ्याची करते तशी जंगूभाऊची थट्टा तर तू रोज करायचीस. म्हणायचीस, "आमच्या घरचा लाकूडतोड्या पाहा, पहाटे कुऱ्हाड घेऊन जाते अन् रिकाम्या हातानं येते." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. ती थट्टा लक्षात ठेव, पुढे तिच्यावर येणार आहे.

जंगलाच्या गेटाजवळच्या मोठ्या हॉटेलनं शुभेच्छांची कार्डं मागितली आहेत. तू शिकवलीस तशीच मी केली. वाळलेल्या पळसाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवून अंग, तव्यावर जरा करपवलेल्या तेंदूपानाचे पट्टे, बांबूच्या बारीक काड्या उभ्या लावून रान, आणि त्या रानात शिरणारा पाठमोरा वाघ. तुमच्या घरी त्याचं नाव घेत नाहीत म्हणून खऱ्याला मीही 'तो'च म्हणते. कार्डावरच्याला वाघ म्हणते, तो कागदाचा आहे. पहिल्या दिवशी मी तुला विचारलं होतं, याला तोंड काऊन नाही. तू म्हणाली होतीस की त्याला नेहमी जाताना दाखवावं, येताना नाही. कार्ड कोणाच्या घरी जाईल त्या घराकडे त्याची पाठ असावी. मला ते पटलं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

हॉटेलच्या मॅनेजरनं कार्डं परत पाठवली. माणूस वाईट नाही, नीट बोलला. म्हणाला, काम फार सुंदर आहे, पण पाहुणे इतक्या लांबून येतात ते तोंड पाहायला, पाठ पाहून गेलेले लोक नाराज होऊन जातात. तोंड करून द्या.

मी करायला बसले. कान झाले, मिशांना गवताच्या काड्या लावल्या, नाक झालं. डोळ्यांपाशी हात थांबला. दुसऱ्या कार्डालाही तिथेच थांबला. आमच्या घरधन्याला, इस्तारीला, त्यानं मागून धरलं. तलावाच्या काठी वाकून जाळं धूत होता. त्याचं तोंड इस्तारीनं पाहिलंच नाही, मग मी कुठून आणू? रिना आमची अध्यक्ष, मनानं वाईट नाही, पण जीभ आधी चालते. ती म्हणाली, "आपल्यात बुधरीनंच पाह्यलं आहे त्याले समोरून. तिलेच करू द्या." मी कात्री ठेवली आणि माठ भरायला गेले. परत आले तेव्हा रिना रडत होती. तिच्यावर राग धरू नको.

मोहाच्या झाडाखाली त्यानं जंगूभाऊला धरलं तेव्हा तू हातातली टोपली घेऊन त्याच्यावर धावलीस, हे मला लोकांनी सांगितलं. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारणार नाही. पिंजरा लावला आहे म्हणतात. अजून तो सापडलेला नाही.

मी वाचायला कशी शिकले हे तुला ठाऊक आहे. कार्डाचा कागद करायला आपण रद्दी भिजवायचो. फाडायच्या आधी मी अक्षरं जुळवत बसायची आणि तू ओरडायचीस की बाई, वाचून कागद पांढरा होत नाही. एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. त्या रद्दीत एकदा इस्तारीची बातमी निघाली. चार ओळी होत्या. 'वाघाच्या हल्ल्यात इसम ठार.' इसम म्हणजे काय ते मला कळेना, रिनाला विचारलं. म्हणाली, कोणीतरी माणूस. नाव खाली होतं, तेही चुकलेलं. मी तो कागद ठेवून घेतला नाही. फाडून टबात टाकला, बाकीच्यासोबत दळला, जाळीवर उचलून उन्हात वाळवला. त्याची कार्डं झाली. त्यांवर नवीन वर्षाच्या शुभेच्छा छापून कोणाकोणाला गेल्या असतील. घरात ठेवला असता तर मी तोच वाचत बसले असते.

इस्तारीला शोधायला दोन्ही गावांचे लोक गेले होते, पण सापडला तो जंगूभाऊला. त्यानं स्वतःचा दुपट्टा सोडून त्याच्यावर टाकला. मी धावत पोचले तेव्हा वाटेत आडवा उभा राहिला. म्हणाला, "बाई, तू नोको पाहू. मी पाह्यलो, तेवढं पुरे." म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आजही इस्तारी येतो तो अख्खा येतो, खांद्यावर जाळं घेतलेला. हे देणं जंगूभाऊचं आहे. त्याच्या वेळी तुझ्यासाठी असं आडवं उभं राहायला कोणी नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, बुधरी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. पत्रूभाऊनं सांगितलं की तू रोज पहाटे त्याच मोहाखाली जातेस. फुलं संपली, बिया पडायला अवकाश आहे, तुझ्या हातात टोपलीही नसते. करिश्मा मागे आली की तिला दगड मारून परत पाठवतेस. लोक म्हणतात तुला भूल पडली आहे. भूल नाही. इस्तारी गेल्यावर वर्षभर मी तशीच तलावाच्या काठी जाऊन बसायची, तो जाळं धुवायचा त्याच दगडावर. गटात यायला लागले तेव्हाही आधी तिथे जायची आणि मग बस धरायची. मरायला जात नव्हते, जगायलाही नाही. वाटायचं, इस्तारीला ज्यानं धरलं त्यानं यावं आणि मला एकदा समोरून पाहावं. तो आला नाही. पलीकडच्या काठाला रोज कोणीतरी कुऱ्हाड चालवायचं, टाक, टाक, उजाडेपर्यंत. मला राग यायचा, की याला हीच वेळ मिळते. पुढे मी गाव सोडून पोंभुर्ण्याला आले आणि ते विसरले. जंगूभाऊच्या मातीला येताना मी पलीकडच्या काठानं आले. तिथे धावड्याचं एक झाड आडवं पडलं आहे. त्याच्यावर एकाच जागी घावच घाव, आणि फांदीसुद्धा कोणी नेलेली नाही. तेव्हा मला तुझी थट्टा आठवली. आवाज असला की तो जवळ येत नाही, हे जंगूभाऊला माहीत होतं. वर्षभर तो रिकाम्या हातानं घरी आला, तुझं ऐकून घेतलं, पण ना तुला सांगितलं ना मला.

सोबत एक कार्ड आहे. तू कापून ठेवलेला शेवटचा वाघ, पाठमोरा, मी फक्त चिकटवला. आत काही लिहिलेलं नाही. हॉटेलला कळवलं आहे की तोंड होणार नाही, घ्यायचं तर असंच घ्या. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मी तुमच्याकडे मुक्कामाला येते. तोवर करिश्माला दगड मारू नको. रविवारी पहाटे तू उठशील तेव्हा तुला जाऊ नको म्हणणार नाही, मागे येईन. मला कुऱ्हाड चालवता येत नाही. पण इस्तारी मासे जाळ्याकडे हाकायला पत्र्याचा डबा बडवायचा, तो माझ्याकडे आहे. तुला बसायचं तेवढं बस. मी डबा वाजवत राहीन.

तुझीच,
कुंता