बिनमुळांच्या फांद्या

नायमेखन, नेदरलँड्स,
१२ फेब्रुवारी २०२१

श्री. वासुदेवराव यांस नमस्कार.

नाव भार्गवीनं घातलंय, मी घेतलेलं नाही. सांगतेय मी, लिहितेय तुमची सून. फोनवर तुम्ही मला वाईच्या घराचं छत दाखवता आणि ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देता. म्हणून हा उद्योग. चष्मा लावा आणि बसून वाचा.

इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे कंटाळलेलं. आपला रुचिर दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो. स्वानंदीची शाळा याच आठवड्यात उघडली. ती माझ्याशी डचमध्ये बोलते, मी नातीशी मराठीत भांडते. कोरोनामुळे रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी आहे. मला काय, मी दुपारीही कुठे पडत नाही.

इथे थंडीत लोक दारातल्या कुंड्या फांद्यांनी सजवतात. पाइनच्या हिरव्या, मधे लाल काड्या, खाली पाइनचीच शंकूसारखी फळं. आपल्या कुंडीत मात्र थंडीनं वाळलेल्या तुळशीच्या काटक्या. शेजारणीनं छाटून टाकलेल्या फांद्या मी खुणा करून मागून आणल्या, खोचल्या आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं. तुळशीची सवय. शेजारीण खिडकीतून हात हलवायची. मला वाटलं, कौतुक करतेय. ती बिचारी ‘नको नको’ म्हणत होती.

परवा पाण्याचं बर्फ झालं आणि कुंडी ताडकन तडकली. आवाजानं भार्गवी रुचिरचा स्वेटर चढवून बाहेर आली.

“अहो आई, यांना मुळं कुठे आहेत? पाणी कुणाला पाजताय?”

“मग इतके दिवस हिरव्या कशा?”

“थंडी आहे म्हणून!”

आणि हसली. मग तारेनं कुंडी आवळली, सगळं उपसून पुन्हा नीट खोचलं. बोटं लाल झाली तरी आत जाईना.

तिच्या हसण्याची बातमी का देतेय, ते तुम्हाला कळलं असेल. मी आले होते तिच्या बाळंतपणाला. बाळ राहिलं नाही. डिंकाचे लाडू अजून फ्रीजरमध्ये आहेत. गेल्या मे महिन्यापासून ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती, आणि घरात बाळाचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

पेन थांबलंय. मी म्हटलं, लिही बाई.

त्याचं नाक तुमचं होतं. फोनवर सांगवलं नाही.

तर मार्चचं माझं तिकीट रद्द करायचं म्हणते. तुमचे पोळीचे हाल होतील, होऊ देत. शेजारच्या नंदाकडून डबा घ्या. या फांद्या तपकिरी पडल्या की नवी माती घालायची आहे. तिच्यात काय लावायचं ते भार्गवीनं सांगायचं. तोवर मी इथे.

‘आई, तुम्ही जा, बाबा एकटे आहेत.’ हे वाक्य तिचं आहे, माझं नाही. खोडू नकोस म्हटलं, वाचू देत त्यांना.

सहीच्या जागी अंगठा. दोनदा धुतला तरी पाइनचा चीक जात नाही. कागदाला वास येईल.

तुमचीच,
कुमुदिनी

बाबा, नाक खरंच तुमचं होतं. आईंना थोडे दिवस राहू द्याल?
– भार्गवी